पाहुणा एका रात्रीचा, हिशेब वर्षाचा

प्रतापगड म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे जावळीचे खोरे उभे राहते. परंतु महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकाला, गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात, याच नावाचे आणखी एक गाव आहे. गावालगतच्या डोंगरावर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. महादेवाचे देवस्थान आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा अशी दोन श्रद्धास्थाने या एकाच परिसरात नांदतात. महाशिवरात्रीच्या सुमारास येथे मोठी यात्रा भरते. झाडीपट्टीतल्या गावोगावचे भाविक, हिंदू आणि मुसलमान दोघेही, त्या दिवसांत प्रतापगडाची वाट धरतात. यात्रा उलगली की गाव पुन्हा आपल्या धानाच्या बांध्यांकडे आणि रानाकडे वळते.

यात्रेच्या त्या मोजक्या दिवसांत ज्याच्या घरी एखादी खोली रिकामी आहे, त्याच्या मनात एक विचार सहज येतो: ही खोली भाड्याने दिली तर? नागपूर, भंडारा वा गोंदियात स्थायिक झालेल्या, पण वडिलोपार्जित घर अजून गावी असलेल्या कुटुंबांतही हाच विचार अलीकडे बोलून दाखवला जातो. पाहुण्याला आपल्याच घरात एक-दोन रात्रींसाठी मोबदला घेऊन उतरवण्याच्या या व्यवसायाला आता ‘होमस्टे’ हे नाव रूढ झाले आहे. विचार चुकीचा नाही. मात्र त्याची सुरुवात जर यात्रेची गर्दी पाहून झाली, तर हिशेब चुकण्याची शक्यता मोठी असते. धान विकून आलेला पैसा किंवा बँकेचे कर्ज विटा-सिमेंटात घालण्यापूर्वी हा हिशेब नीट समजून घेणे आवश्यक आहे.

गर्दीतून जन्मलेला धंदा

या व्यवसायाला जगभर पसरवणाऱ्या ‘एअरबीएनबी’ या कंपनीचा जन्मही गर्दीतूनच झाला. ऑक्टोबर २००७ मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात औद्योगिक रचनाकारांची परिषद भरली होती. हॉटेले भरून गेली होती आणि ब्रायन चेस्की व जो गेबिया या दोन तरुणांना घरभाडे देण्यासाठी पैशांची चणचण भासत होती. त्यांनी आपल्या घरात हवा भरलेल्या तीन गाद्या अंथरल्या, सकाळच्या न्याहारीची सोय केली आणि तीन पाहुण्यांना पैसे घेऊन ठेवून घेतले. पुढील वर्षी नेथन ब्लेचार्झिक हा तिसरा भागीदार सोबत घेऊन त्यांनी संकेतस्थळ सुरू केले.

या कथेचा पूर्वार्ध सर्वांना आकर्षक वाटतो. उत्तरार्धाकडे फारसे लक्ष जात नाही. परिषद तीन-चार दिवसांत संपली आणि त्या गाद्यांचे गिऱ्हाईकही संपले. जिथे परिषद नाही, उत्सव नाही, अशा साध्या दिवशीही परक्या माणसाने अनोळखी घरात उतरावे, यासाठी आवश्यक असलेला विश्वास कसा निर्माण करायचा, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता. घराची छायाचित्रे, पाहुण्यांचे अभिप्राय, आगाऊ भरणा या साऱ्या व्यवस्था त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून उभ्या राहिल्या. प्रतापगडच्या यजमानापुढचा प्रश्नही तोच आहे. महाशिवरात्रीला खोली भरणे अवघड नाही. कार्तिकातल्या एखाद्या मंगळवारी ती भरते का, यावर सारे अवलंबून आहे.

रात्रींचे गणित

एक उदाहरण घेऊ. समजा, घरातील एक रिकामी खोली पाहुण्यांयोग्य करण्यासाठी १,६०,००० रुपये खर्च आला. यात लागून असलेले शौचालय व न्हाणीघर, फरशी, रंगकाम, पलंग-गाद्या, कूलर आणि वीजजोडणीची दुरुस्ती आली. खोलीचा दर एका रात्रीला न्याहारीसह १,२०० रुपये ठेवला. चादरी धुणे, वीज, पाणी, साबण आणि न्याहारी यांचा खर्च ४०० रुपये धरला. आरक्षण एखाद्या संकेतस्थळामार्फत आले, तर त्याची दलाली करासह १८० रुपये धरली. ही दलाली संकेतस्थळागणिक निरनिराळी असते, हे ध्यानात ठेवावे. म्हणजे यजमानाच्या हाती रात्रीला ६२० रुपये उरले.

आता खोली केवळ यात्रेच्या पाच रात्री भरली, तर वर्षाकाठी ३,१०० रुपये मिळतील आणि गुंतवणूक वसूल व्हायला पन्नासहून अधिक वर्षे लागतील. यात्रेत दर दुप्पट केला तरी हे चित्र फारसे बदलत नाही. खोली वर्षात ६० रात्री भरली, तर ३७,२०० रुपये हाती येतील आणि खर्च सव्वाचार वर्षांत निघेल. १०० रात्री भरल्यास ६२,००० रुपये येतील व अडीच-पावणेतीन वर्षे पुरतील. साठ रात्री म्हणजे आठवड्याला एका रात्रीहून थोडे अधिक. हे अशक्य नाही. पण आपोआप होणारेही नाही.

याच गणितात कर्ज घातले की धोका दिसू लागतो. समजा, तीन नव्या खोल्यांसाठी ११ टक्के व्याजाने पाच लाख रुपये काढले. पहिल्या वर्षाचे व्याजच सुमारे ५५,००० रुपये होते. रात्रीला ६२० रुपये उरत असतील, तर केवळ व्याज फेडण्यासाठी तिन्ही खोल्या मिळून ८९ रात्री भराव्या लागतात. मुद्दल, दुरुस्ती आणि घरच्या माणसांची मेहनत यांचा हिशेब त्यानंतर सुरू होतो. म्हणूनच या व्यवसायात नव्याने उतरणाऱ्याने आधी असलेली एक खोली नीट करावी, एक वर्ष पाहुणे घ्यावेत आणि वहीत नोंदवलेल्या रात्री पाहूनच दुसऱ्या खोलीचा विचार करावा, हा क्रम शहाणपणाचा ठरतो.

यात्रेपलीकडचे वर्ष

उरलेल्या दिवसांत प्रतापगडला कोण येईल? याचे उत्तर गावाच्या आसपास दडलेले आहे. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव येथून फार दूर नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधल्याचे सांगितले जाते. तलावाभोवतीचे राष्ट्रीय उद्यान १९७५ सालचे. १२ डिसेंबर २०१३ रोजी नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा आणि कोका ही वनक्षेत्रे एकत्र करून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातील दोन वाघिणी आणून येथे सोडण्यात आल्या आणि या जंगलाचे नाव पुन्हा चर्चेत आले. अरण्यऋषी म्हणून ओळखले गेलेले मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला अनेक वर्षे घालवली. त्यांच्या लेखनामुळे हा परिसर पाहण्याची इच्छा मनात बाळगणारे वाचक महाराष्ट्रभर आहेत.

गोठणगावजवळ गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण आहे. त्याच परिसरात १९७०च्या दशकाच्या आरंभी वसवलेली नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे केंद्र असलेल्या झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. रात्रभर चालणाऱ्या त्या नाटकांना हजारोंची गर्दी लोटते. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये ‘पद्मश्री’ मिळाल्यानंतर पुण्या-मुंबईच्या रसिकांचे कुतूहल वाढले आहे. परंतु मध्यरात्र उलटेपर्यंत नाटक पाहिल्यावर झोपायचे कुठे, हा त्यांचा साधा प्रश्न आहे.

साहजिकच यजमानाने आधी वर्षाचे पंचांग मांडावे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे पक्षी, तलाव, मंडई आणि नाटकांचे दिवस, मग महाशिवरात्र, एप्रिल-मे हा उन्हाचा, पण वन्यप्राणी पाणवठ्यावर दिसण्याचा काळ, बुद्धपौर्णिमेच्या रात्री वन विभाग मचाणावरून निसर्गानुभवाचा उपक्रम घेतो, त्यासाठीही हौशी मंडळी येतात. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन बंद असते. त्याच सुमारास रोवणी सुरू होते आणि घरातला प्रत्येक हात बांधीत गुंतलेला असतो. त्या दिवसांत पाहुणे न घेणेच इष्ट. शेती सांभाळून करावयाचा हा जोडधंदा आहे. शेतीच्या ऐन कामाच्या दिवसांत तो घरावर ओझे होता कामा नये.

घर कोणाचे, राहतो कोण?

होमस्टे आणि लॉज यांतला मूळ फरक यजमान त्या घरात राहतो की नाही, हा आहे. केंद्र सरकारच्या ‘अतुल्य भारत’ न्याहारी व निवास योजनेत मालकाचे कुटुंब त्या घरात प्रत्यक्ष राहत असणे ही अट आहे. भाड्याने द्यावयाच्या खोल्या एक ते सहा आणि खाटा बारापर्यंत अशी मर्यादाही आहे. राज्यात महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने सुरू केलेली ‘न्याहारी व निवास’ योजना अनेक वर्षांपासून कोकणात परिचित आहे. आता तिच्या नोंदणीचे काम पर्यटन संचालनालय पाहते. संचालनालयाचे विभागीय कार्यालय नागपुरात आहे.

शहरात राहणाऱ्या वाचकांनी ही अट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. गावच्या वाड्याला कुलूप लावून, किल्ली शेजाऱ्याकडे ठेवून आणि मोबाइलवर आरक्षणे घेऊन जो व्यवसाय होतो, त्याला होमस्टे म्हणणे कठीण आहे. पाहुण्याला रात्री ताप आला, विंचू दिसला किंवा वीज गेली, तर दार ठोठावायला कोणी जवळ असले पाहिजे. वाड्यात राहणारे काका-काकू किंवा भाऊ-वहिनी यांच्या नावाने नोंदणी करावी, उत्पन्नाचा वाटा आधीच लेखी ठरवावा आणि शहरातील भावाने छायाचित्रे, आरक्षण व हिशेब सांभाळावा, ही विभागणी अधिक टिकाऊ ठरते. वडिलोपार्जित मालमत्ता सामाईक असेल, तर इतर हिस्सेदारांची लेखी संमती घेतल्याखेरीज पहिली वीटही लावू नये. पहिल्या पाहुण्याच्या आधी घरात भांडण यावे, यासारखे दुर्दैव नाही.

मालक घरात न राहता घरेच्या घरे पर्यटकांना दिली गेली की काय होते, याचा अनुभव मोठ्या शहरांनी घेतला आहे. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून अल्पमुदतीच्या भाड्यासाठी नोंदणी सक्तीची केली आणि यजमान त्याच घरात उपस्थित असावा, अशी अट घातली. स्थानिकांना घरे मिळेनाशी झाल्याने बार्सिलोनाने २०२८ च्या अखेरपर्यंत पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या सदनिकांचे परवाने संपुष्टात आणण्याचे २०२४ मध्ये जाहीर केले. प्रतापगडवर ती वेळ आलेली नाही. परंतु यजमान घरात असणे ही या व्यवसायाची मूळ कल्पना का आहे, हे या उदाहरणांवरून स्पष्ट होते.

खोलीत काय हवे?

शहरातून येणारा पाहुणा संगमरवर किंवा वातानुकूलन यंत्र शोधत झाडीपट्टीत येत नाही. त्याच्या अपेक्षा थोड्या, पण ठाम असतात. स्वच्छ आणि आतून कडी लागणारे शौचालय, पुरेसे पाणी, धुतलेल्या चादरी, दाराला नीट कुलूप आणि रात्री निवांत झोप, या पाच गोष्टींत तडजोड नको. पैसे मोजकेच असतील, तर ते आधी शौचालयावर आणि सांडपाण्याच्या निचऱ्यावर खर्च करावेत. रंगीत पडदे नंतरही येतात.

पूर्व विदर्भात डासांचा उपद्रव लक्षात घेता खिडक्यांना जाळी आणि पलंगाला मच्छरदाणी असावी. पिण्याचे पाणी गाळलेले व उकळलेले असावे. वीज गेल्यास दिवा आणि पंखा चालेल इतका इन्व्हर्टर, एक चांगली विजेरी, प्रथमोपचाराची पेटी आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा क्रमांक खोलीत ठेवावा. साप-विंचवांचा संभव असल्याने रात्री अंगणात अनवाणी फिरू नये, ही सूचना न लाजता द्यावी. उन्हाळ्यात विदर्भाचे ऊन किती कडक असते, हेही आधीच सांगावे. खोलीत कूलर आहे, वातानुकूलन नाही, हे आरक्षणापूर्वी कळलेला पाहुणा तक्रार करीत नाही. येऊन कळलेला पाहुणा अभिप्रायात ते लिहून जातो.

जेवणाच्या बाबतीत तर यजमानाने आपल्या स्वयंपाकघराची लाज वाटू देऊ नये. तांदळाची भाकरी, तलावातील मासळीचा रस्सा, जवसाची चटणी, घरच्या धानाचा भात हे जेवण शहरातल्या पाहुण्याला अन्यत्र मिळत नाही. पनीरची भाजी त्याला घराजवळही मिळते. पाहुण्याला तिखट किती चालते आणि तो शाकाहारी आहे का, हे आधी विचारले म्हणजे झाले.

कागदपत्रे आणि कर

या व्यवसायात नव्याने येणाऱ्याला सर्वांत जास्त धास्ती कागदपत्रांची वाटते. प्रत्यक्षात लहान यजमानाला करावी लागणारी पूर्तता फार मोठी नाही. मात्र ती टाळणे महागात पडते.

पहिली पायरी ग्रामपंचायतीची. घराची नोंद, कराची पावती आणि व्यवसायास हरकत नसल्याचे पत्र हाती असावे. गावठाणातील राहत्या घराची खोली देणे आणि शेतात नव्याने बांधकाम करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेतजमिनीवर खोल्या बांधायच्या असतील, तर जमिनीच्या अकृषिक वापराचा प्रश्न येतो. व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात नव्या व्यापारी बांधकामांवर सर्वसाधारणपणे निर्बंध असतात. त्यामुळे बांधकामापूर्वी आपला गट क्रमांक त्या हद्दीत येतो का, हे तहसील कार्यालय व वन विभागाकडून लेखी विचारून घ्यावे. दुसरी पायरी पर्यटन संचालनालयाकडील नोंदणीची. शेतीचा अनुभव देणाऱ्या केंद्रासाठी राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण स्वतंत्रपणे लागू आहे. घरात जेवण करून विकायचे असल्याने अन्नसुरक्षा कायद्याखालील लहान व्यावसायिकांची नोंदणीही करावी.

वस्तू व सेवा कराविषयी अनेक गैरसमज आढळतात. महाराष्ट्रात केवळ सेवा पुरवणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल, तर नोंदणी बंधनकारक नाही. असा नोंदणी नसलेला यजमान थेट आलेल्या पाहुण्याकडून हा कर घेऊ शकत नाही. संकेतस्थळामार्फत आलेल्या आरक्षणावरील कर मात्र ते संकेतस्थळच पाहुण्याकडून घेऊन सरकारकडे भरते. दिवसाला १,००० रुपयांपर्यंतच्या खोल्यांना पूर्वी असलेली सूट १८ जुलै २०२२ पासून संपली आणि तेथे १२ टक्के दर लागू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवर ५ टक्के दर आहे. म्हणजे १,२०० रुपयांच्या खोलीसाठी संकेतस्थळावर पाहुण्याला १,२६० रुपये पडतात. प्राप्तिकराच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात असावी: शेतकऱ्याने मिळवले म्हणून खोलीचे भाडे शेतीचे उत्पन्न ठरत नाही. त्याची वही वेगळी ठेवावी.

प्रत्येक पाहुण्याचे नाव, पत्ता, येण्या-जाण्याची वेळ आणि ओळखपत्राचा तपशील नोंदवहीत लिहावा. ओळखपत्रांच्या छायाप्रती घरभर पडू देऊ नयेत. नोंदवही कुलपात असावी. परदेशी पाहुणा आल्यास त्याची माहिती २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी यंत्रणेला ऑनलाइन कळवणे यजमानाचे कर्तव्य आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या स्थलांतर व परदेशी नागरिक कायद्यानेही ते कायम ठेवले आहे. तिबेटी वसाहतीमुळे या परिसरात परदेशी पाहुणा येणे अगदीच अशक्य नाही. अशा वसाहतींत जाण्या-राहण्यासाठी परदेशी नागरिकांना काही ठिकाणी स्वतंत्र परवानगी लागते. त्यामुळे स्थानिक पोलीस ठाण्यात आधी विचारणा करणे उत्तम.

पैसा कोठून?

पहिली खोली शक्यतो बचतीतून करावी, हे वरील गणितावरून दिसतेच. पुढच्या टप्प्यासाठी काही सरकारी आधार उपलब्ध झाले आहेत. महिलांच्या नावाने पर्यटन व्यवसाय असल्यास राज्याच्या २०२३ च्या ‘आई’ महिला केंद्रित पर्यटन धोरणाखाली १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा, १२ टक्क्यांच्या मर्यादेत आणि अटींच्या अधीन राहून, परतावा मिळतो. होमस्टेमध्ये स्वयंपाक, स्वच्छता आणि पाहुण्यांची उठबस ही कामे बहुतेक घरांत स्त्रियाच करतात. नोंदणी आणि बँकखाते त्यांच्याच नावाने असणे न्यायाचेही आहे आणि फायद्याचेही. होमस्टेंना मुद्रा कर्ज देण्याची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘धरती आबा’ जनजातीय ग्राम उत्कर्ष अभियानात आदिवासी भागांतील एक हजार होमस्टेंची तरतूद आहे. त्यात नव्या बांधकामासाठी ५ लाख, दुरुस्तीसाठी ३ लाख आणि गावाच्या सामाईक गरजांसाठी ५ लाख रुपयांपर्यंतच्या साहाय्याचा समावेश आहे. आपले गाव या योजनेच्या कक्षेत येते का, याची चौकशी पंचायत समितीत किंवा आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करता येते.

तरीही अनुदान आहे म्हणून खोली बांधणे आणि पाहुणे आहेत म्हणून खोली बांधणे, यांत मोठे अंतर आहे. अनुदान भिंती उभ्या करते; त्या भिंतींच्या आत रोज कोणी झाडू मारायचा, हे घरानेच ठरवायचे असते.

एकट्याचे की गावाचे?

एका घराची खोली एका घरापुरती राहते. दहा घरांच्या दहा खोल्या झाल्या की गावाचे नाव होते. याचे चांगले उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातल्या वेळासचे आहे. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने तेथे २००२ पासून ऑलिव्ह रिडले सागरी कासवांच्या संवर्धनाचे काम सुरू केले. २००६ पासून कासव महोत्सव होऊ लागला. समुद्राकडे जाणारी पिल्ले पाहायला येणाऱ्या पर्यटकांसाठी गावात हॉटेल नव्हते. गावकऱ्यांनी आपली घरे उघडली आणि घरचेच जेवण वाढले. अंड्यांचे रक्षण आणि घरातील उत्पन्न यांचा संबंध लोकांच्या प्रत्यक्ष अनुभवाला आला. अकोले तालुक्यातील पुरुषवाडीनेही काजव्यांच्या हंगामाभोवती गावपर्यटनाची अशीच घडी बसवली.

वेळासचा हंगामही तसा मर्यादितच. परंतु तिथे पाहुणा कशासाठी येतो, याबद्दल गावाच्या मनात संभ्रम नव्हता. प्रतापगड, गोठणगाव आणि नवेगावबांध या पट्ट्यालाही असे ठरवावे लागेल. सर्व घरांचा दर एकच असावा, पाहुणे पाळीपाळीने वाटले जावेत, दर व नियम ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिलेले असावेत आणि यात्रेत कोणीही भरमसाट भाडे घेऊ नये, एवढ्या चार गोष्टी जरी ठरल्या तरी पुष्कळ साधेल. यात्रेला येणारा भाविक हा पैसे मोजणारे गिऱ्हाईक असण्यापूर्वी देवाच्या आणि दर्ग्याच्या दारी आलेला माणूस असतो. त्याला लुबाडले, तर पैसा एकदाच मिळतो. त्याची नीट सोय झाली, तर तोच पुढे हिवाळ्यात मुलाबाळांना घेऊन तलाव पाहायला येतो. वर्षातील रिकाम्या रात्री भरण्याचा याहून स्वस्त मार्ग कोणत्याही संकेतस्थळाकडे नाही. अशा परत आलेल्या पाहुण्याच्या आरक्षणावर दलालीही लागत नाही. वरच्या उदाहरणातील ६२० रुपयांचे मग ८०० होतात आणि साठ रात्रींतच खर्च वसूल होण्याचा काळ सव्वाचार वर्षांवरून सव्वातीन वर्षांवर येतो.

पाहुण्याला पाट मांडणे झाडीपट्टीच्या घरांना नवे नाही. नवी आहे ती त्याच्या मुक्कामाची वही. ती वही यात्रेच्या दिवसांत उघडली तरी चालेल. पण तिची बेरीज पुढच्या यात्रेच्या आदल्या दिवशी करावी आणि दुसऱ्या खोलीचा निर्णय त्या आकड्यावर सोपवावा.